आधी मोठ्यानं विचारायचं

कार्ल्सरूहे
११ ऑक्टोबर २०१५

ती. अरुणाआत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर मी नुसतं बरी आहे म्हणते आणि पत्रात खरं लिहिते, हे तुझं म्हणणं मान्य. म्हणून खरं लिहायला बसले आहे. आधी चौकशांची उत्तरं : डाळ इथं मिळते, स्वेटर घालते, लग्नाचं काही नाही.

नोकरी तुला सांगितलीच होती. शेजारच्या गावातल्या बास्केटबॉल क्लबमध्ये मी मॅचचे व्हिडिओ कापते. कोण कुठं चुकलं त्याच्या क्लिप काढायच्या आणि सोमवारी सगळ्या टीमसमोर पडद्यावर दाखवायच्या. तू आम्हाला मैदानावर ओरडून सांगायचीस, तेच मी मुकाट्यानं करते.

या वर्षी अमेरिकेहून ब्रिस्को नावाचा खेळाडू आणलाय. टीममध्ये सगळ्यात मोठा पगार त्याचा, आणि आल्या आल्या कॅप्टनही तोच. चेंडू हातात असला की देखणा खेळतो. तुला आवडेल, इतका. पण चेंडू गेला की कमरेवर हात ठेवून रेफ्रीकडे बघत उभा राहतो. बाकीचे चौघे धापा टाकत मागे पळतात. आता तेही कमी पळायला लागलेत. सीझन सुरू झाल्यापासून आम्ही एकही मॅच जिंकलेलो नाही, आणि तळाला राहिलो तर क्लब खालच्या लीगमध्ये जाईल.

कोच डीट्रिख यांनी मला बजावलंय की ब्रिस्कोच्या क्लिप सोमवारी दाखवायच्या नाहीत. मोठा माणूस आहे, रुसला तर उरलंसुरलंही जाईल. मी त्या काढून टाकते. गेल्या सोमवारी योखेन, क्लबचा सगळ्यात जुना खेळाडू, जाता जाता मला विचारून गेला की कॅमेरा फक्त आमच्यावरच असतो का. आत्या, मला तोंड वर करवेना.

माझा करार डिसेंबरअखेरपर्यंत आहे. माझा आउफएंटहाल्ट्सटिटेल, म्हणजे इथं राहायचा परवाना, याच नोकरीवर आहे. बोलले तर दोन्ही जातील. नाही बोलले तर मी कशाची तुझी विद्यार्थिनी? काय करू ते लिही.

माया आहेच, ती पत्रातूनही पाठव.
तुझी,
यामिनी

नागपूर
२८ ऑक्टोबर २०१५

चि. यामिनीस,
जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझा तो ब्रिस्को मला इथं बसून दिसला. असली एक तरी प्रत्येक बॅचला माझ्याकडे असायची. बास्केट टाकली की वेणी सारखी करत उभी! आमच्याकडे पगार नव्हता, केळं मिळायचं. पण रोग तोच.

माझं म्हणणं साधं आहे. पंगतीत ज्याच्या पानात सगळ्यात जास्त वाढलंय, त्यानं पातेलं उचलायलाही आधी उठावं. मोठा पगार हा काही दमण्यातून सूट मिळाल्याचा दाखला नव्हे. आणि तुझ्या कोचला माझा निरोप दे, की कॅप्टनला घाबरणाऱ्या कोचनं शिट्टी गळ्यात घालून मिरवू नये. नको देऊस. तुझा परवाना राहू दे.

काल आश्विन पौर्णिमा झाली. विहारात महापवारणा होती. लहानपणी तू माझ्या मांडीवर झोपून जायचीस, म्हणून पुन्हा सांगते. वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, संपला की भिक्खू एकत्र बसतात. सगळ्यात ज्येष्ठ भन्ते आधी उकिडवे बसतात, हात जोडतात आणि कालपरवाच्या नवख्या भिक्खूसमोरसुद्धा म्हणतात की माझा काही दोष पाहिला, ऐकला असेल किंवा नुसती शंका आली असेल, तर करुणेनं सांगा. मग खालचे, मग त्याखालचे. मी हेच उचलून माझ्या टीममध्ये आणलं होतं. दर शनिवारी वर्तुळ करायचं आणि सुरुवात कॅप्टननं करायची. वेणीवाल्या पोरी दोन शनिवारांत सरळ व्हायच्या.

तेव्हा ब्रिस्कोला गाठ. चारचौघांत पाणउतारा करू नकोस, पण त्याच्या चुका झाकूही नकोस. कोचच्या पाठीमागून काही करू नकोस. वाकायचंच असेल तर चेंडू उचलायला वाक.

तुझ्यावर माझा भरवसा आहे, तो वापर.
तुझी आत्या,
अरुणा मेश्राम

कार्ल्सरूहे
१५ नोव्हेंबर २०१५

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून अंगात बळ आलं आणि मी माती खाल्ली.

ब्रिस्कोशी बोलणार आहे, हे कोचना आधी सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत आल्झो, आल्झो, म्हणजे तर मग, तर मग, करत राहिले आणि शेवटी म्हणाले की मला काही माहीत नाही. मग प्रॅक्टिसनंतर मी ब्रिस्कोला एकट्याला गाठलं. त्याच्या सगळ्या उभं राहण्याच्या क्लिप एकाला एक जोडून नेल्या होत्या. एकीतही दुसरं काही नाही. नुसता तो आणि कमरेवर हात. वर मी पवारणेचं सांगितलं, की आमच्यात ज्येष्ठानं आधी दोष ऐकायचे असतात. त्यानं शेवटपर्यंत पाहिलं, लॅपटॉप मिटला आणि बॅग उचलून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरचं बोलावणं. फ्राऊ मेश्राम यांचं काम व्हिडिओ कापण्याचं आहे, खेळाडू घडवण्याचं नाही, असं ऐकवलं. कराराचं डिसेंबरमध्ये बघू म्हणाले. इथं बघू म्हणजे बहुतेक नाहीच असतं. ब्रिस्को माझ्याशी बोलत नाही. योखेन मात्र हल्ली माझ्यासाठी कॉफी आणतो. सुतकाच्या घरी आणतात तशी.

रडले नाही. एकदाच रडले. मला इथून असं जायचं नाहीये, आत्या. हे काम मला फार आवडतं.

रागावलीस तरी पत्र मोठं लिही.
यामिनी

नागपूर
२७ नोव्हेंबर २०१५

चि. यामिनीस,
जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

अगं वेडे, पवारणेत दोष दाखवत नाहीत, मागतात! तू तर त्याच्या दारात आरोपपत्र घेऊन गेलीस आणि वर त्याला पवारणेचं नाव दिलंस. मी असते तर मीही लॅपटॉप मिटला असता. कदाचित तुझ्या डोक्यात घातला असता.

भन्ते उकिडवे बसतात ते त्यांना कुणी ओढून बसवलं म्हणून नव्हे. आता मला सांग, तुमच्या त्या हॉलमध्ये आजवर कुणी विचारलंय? कोचनं? तू? दर सोमवारी अंधार करून सगळ्यांचे दोष पडद्यावर लावतेस. त्या खोलीत सोमवारी सगळ्यात मोठी तूच असतेस, पगार काहीही असो. मग सुरुवात कुणी करायची?

घाबरू नकोस. मेश्रामांच्या घरात विचारल्यानं कुणी मेलेलं नाही. नोकरी गेलीच तर ताठ मानेनं घरी ये, माझ्या हातची सावजीची भाजी खा आणि पुन्हा अर्ज कर. पण आधी विचार.

तिकडच्या थंडीत इकडची ऊब पाठवते.
आत्या

ता. क. क्लिप कापताना चांगल्याही दाखवत जा. मी दाखवत नसे, हे कबूल.

कार्ल्सरूहे
१३ डिसेंबर २०१५

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

सोमवारी दिवा बंद करण्याआधी मी उभी राहिले. म्हटलं, आज पडद्याआधी मला विचारायचंय, माझ्या कामात काही चुकीचं पाहिलं, ऐकलं असेल किंवा शंका आली असेल तर सांगा. कोच बुटाची नाडी बांधत बसले. मग योखेन शांतपणे म्हणाला की तू आमच्या चुका दाखवतेस आणि एकाच्या दाखवत नाहीस. मी म्हटलं, खरं आहे, माझी चूक आहे, आजपासून सगळ्यांच्या दाखवीन.

मागच्या रांगेत खुर्ची सरकली. ब्रिस्को उठून पुढे आला. आत्या, मला वाटलं आता हा निघून जाणार. तो म्हणाला की या खोलीत सगळ्यात मोठा करार माझा आहे, तेव्हा आधी माझ्या लाव, त्या लॅपटॉपमधल्याच. लावल्या. संपल्यावर तो म्हणाला की मला बास्केट टाकण्याचे पैसे मिळतात असं मी समजत होतो, आणि सगळ्यांकडे वळून त्यानं विचारलं की तुम्हाला काय दिसतं. एकानं सांगितलं की तू पळत नाहीस तेव्हा मलाही पळावंसं वाटत नाही. दुसऱ्यानं सांगितलं, मग तिसऱ्यानं. तो मान खाली न घालता ऐकत होता. शेवटी कोचही उठले आणि त्यांनीही विचारलं. त्यांना ऐकवायला तर फारच वेळ लागला!

शनिवारची मॅच आम्ही हरलो. पण थोडक्यात, आणि ब्रिस्को प्रत्येक वेळी मागे पळाला. एकदा पळता पळता जाहिरातीच्या फळीवर आदळला, तेव्हा सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं. इतका टाळ्यांचा कडकडाट त्याच्या बास्केटला कधी झाला नव्हता. अशी खेळली तर ही टीम खाली जात नाही, हे मी तुला आजच लिहून देते.

आणि मॅनेजरनी करार वाढवलाय. ब्रिस्को म्हणे स्वतः जाऊन सांगून आला की हिला जाऊ देऊ नका. मॅनेजरनी मला बोलावून नुसतं गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हटलं आणि सही केली.

सोबतच्या पेनड्राइव्हवर शनिवारची मॅच आहे. ही पद्धत कुणाची, असं ब्रिस्कोनं विचारलं, तेव्हा मी तुझं नाव सांगितलं. त्यानं तुला विचारायला सांगितलंय की त्याच्या खेळात काही दोष दिसला तर कळव. करुणेनं, हे मी माझ्याकडून घालते.

आहेस तशीच राहा, म्हणजे मला परत यायला घर राहील.
तुझी,
यामिनी

नागपूर
२६ डिसेंबर २०१५

चि. यामिनीस,
जयभीम आणि खूप खूप आशीर्वाद. वि. वि.

शेजारच्या सुमेधाच्या कॉम्प्युटरवर मॅच दोनदा पाहिली. ब्रिस्कोला सांग, मागे वळताना त्याचा डावा पाय उशिरा निघतो. वजन टाचेवर असतं, ते चवड्यावर घे म्हणावं. बाकी मुलगा गुणाचा आहे. फळीवर आदळला तेव्हा मीही उठून उभी राहिले आणि सुमेधाचा चहा सांडला.

तुझं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. मग रात्री एकटीच विचार करत बसले. एवढ्या मुलींना मी वर्तुळात बसवलं, कॅप्टनला आधी बोलायला लावलं. पण मी स्वतः शिट्टी घेऊन वर्तुळाबाहेर उभी असायचे. मला कुणी काही सांगावं, असं मी कधी विचारलंच नाही. घरीही नाही.

आता आपल्या घरात सगळ्यात मोठी मीच. तेव्हा यामिनी, माझ्यात तू काही पाहिलं असशील, ऐकलं असशील, नुसती शंका आली असेल, तर लिही. मोठं पत्र लिही. मी वाट बघते आहे.

तुझी,
आत्या