एरंडेल पाजलेला ब्रेक

अनसिंग, ४ एप्रिल १९४६

ती. सौ. तुळसाबाईस,
धाकट्या भावाचा शि. सा. नमस्कार. इकडे सगळे खुशाल, एक मी सोडून.

वाशीमच्या एका कापसाच्या जिनवाल्याकडून बाबांनी वीस वर्षांचा जुना ट्रॅक्टर घेतला, हे तुला कळलंच असेल. चालतो झकास, थांबत मात्र नाही. पाय दाबला की एक पोलादी पट्टा चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी ढोलाला आवळतो, तोच ब्रेक. पट्ट्याचं अस्तर पार झिजलं होतं. मी जुन्या मोटेचं चामडं कापून ठोकलं. ते किंचाळू लागलं, म्हणून बंडीच्या आसाला देतो तसं वरून एरंडेल ओतलं. सोमवारी उतारावर पाय दाबला, तर ट्रॅक्टर थेट शेजारच्या पुंजाजीकाकांच्या वांग्यांत. कोणाला लागलं नाही, पण चार वाफे गेले.

काका चारचौघांत म्हणाले, ज्याले आपलं इंजन थांबवता येत नाही तो आपला राग काय थांबवीन, अशा घरी मी पोरगी देत नसतो. मीही सुनावलं, तुमची वांगी तशीही किडकीच होती. बाई, त्यांची अंजना तिथंच उभी होती. तिच्यापायी मी अमरावतीचं कॉलेज सोडलं, हे तुलाच तेवढं ठाऊक. आता ती माझ्याकडे पाहतही नाही. ट्रॅक्टर भंगारात घालून कुठंतरी निघून जावं म्हणतो.

तुझा लोभ तेवढा आटू देऊ नको.
शालिकराम

शेलूबाजार, ९ एप्रिल

चि. शालिकरामास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझे भाऊजी पोट धरून हासले. मले नाही हासू आलं. वांगे किडके असोत का सोन्याचे, त्या मानसानं ते भर उन्हाळ्यात मोटेच्या पान्यावर जगवले. उद्याच जाय, पाया पड, वाफे बांधून दे. ते दोन शब्द जास्त बोलले तर ऐकून घे. अन् कॉलेज तू मास्तराशी भांडून सोडलं, उगाच त्या पोरीच्या नावावर घालू नोको. ती पाहत नाही म्हनतोस. मंग ती कुठं पाहते याचा हिशोब तू काहून ठेवून राह्यला?

माया आहे म्हनून लिहिलं, राग धरू नोको.
तुझी बाई

अनसिंग, १ मे

ती. सौ. बाईस शि. सा. नमस्कार.

तू सांगितलंस तसंच केलं. आठ दिवस वाफे बांधले, रोपं लावली, तोंड उघडलं नाही. नवव्या दिवशी अंजनाच बोलली, मोट हाकताहाकता. म्हणाली, तुमच्या ब्रेकच्या चामड्यानं मोटेत दहा वर्षं तेल पेलं, वरून तुमी आनखी पाजलं. जिथं फिरायचं तिथं तेल, जिथं धरायचं तिथं कायले? मोटेच्या चाकाच्या आसाला ती रोज तेल देते, मोट ओढणाऱ्या नाड्याला थेंबही लागू देत नाही. कॉलेजात मी हे शिकलो नव्हतो.

तिच्याच सांगण्यावरून जिनातला जाड सुती पट्टा आणला. तिची आई धुरपताबाई शेजारी वांगी तोडत होती, आणि अंजनानं राखेनं घासून ढोल कोरडाठाक केला. पट्टा ठोकायच्या तांब्याच्या रिबिटांची डोकी त्यात बुडाली पाहिजेत, नाहीतर ढोल खरवडेल, हे तिनं बोट फिरवून दाखवलं. एक रिबिट बोटाला लागलं. ते काढा म्हणाली. मी निमूट काढलं, पुन्हा ठोकलं. असं डोकं मी पाहिलं नाही, बाई.

काल उतारावर गाव जमलं. पुंजाजीकाका खाली बांधावर उभे राहिले, हलेनात. मी पाय दाबला. ट्रॅक्टर त्यांच्या दोन हात अलीकडे थांबला. काकांनी शाबासकी दिली. क्षणभर वाटलं, घेऊन टाकावी. मग सगळ्यांसमोर सांगितलं, अक्कल अंजनाची, माझा नुसता हातोडा.

काका ट्रॅक्टरभोवती बराच वेळ फिरले. शेवटी बाबांना हळूच म्हणाले, आमच्या घरात तिचं इतकं कोनी ऐकलं नोतं. रविवारी सोयरिकीचं बोलायले या. तुळसाले आना, शालिकले घरात आनू नोका. त्याचं तोंड कवा सुटन सांगता येत नाही.

तेव्हा तू शनिवारीच ये. बंडी मी हाकीन, आणि तुम्ही आत बोलाल तोवर बाहेर बैलांजवळ बसून राहीन.

भाऊजींस नमस्कार. या वेडपट भावावर माया राहू दे.
शालिकराम