सिरिलची घासलेली नाणी

मी, विनिफ्रेड पास्को, वय एक्याऐंशी, कै. सिरिल पास्को यांची पत्नी, राहणार बेंडिगो, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिलेले नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक भाची जॉयलिन हिला द्यावी. मागच्या अंगणातले लिंबाचे झाड तिने तोडू नये.

२. नणंद एडना हिला चांदीच्या पॉलिशची उरलेली बाटली द्यावी. सिरिल गेल्यावर नाणेसंग्राहक मंडळाची माणसे त्याची नाणी बघायला येणार होती, तेव्हा तीच म्हणाली, "अगं, चुलीतून काढल्यासारखी दिसतायत. लोक काय म्हणतील तुला?" बाटलीही तिनेच आणली. घासली मात्र मी, एकूण एक.

३. नाणी, मेहॉगनीच्या कपाटासह, मंडळाला द्यावीत. रेल्वेत सिग्नल सांभाळता सांभाळता सिरिलने ती जमवली. गावच्या संग्रहालयात त्याच्या नावाने कपाट लागायचे ठरले होते. मंडळाचे चिटणीस मर्व्हिन ट्रेलोर यांनी पहिला खण ओढला आणि तिथेच खुर्चीत बसले.

"विनी, ही घासलीस तू?"

"हो. छान निघाली ना?"

मग त्यांनी हळू आवाजात समजावले. हवेतले, लाकडातले गंधक चांदीवर बसते. वर्षानुवर्षे थर चढतो तसा रंग पालटतो. आधी पिवळा, मग जांभळा, मग निळा. सिरिल तोच रंग जपत होता. "परत काळी पडतील गं, पण घासताना वरची चांदी गेली ती गेली," ते म्हणाले. संग्रहालयाने कपाट नाकारले. मला इतकी शरम वाटली की कितीतरी रविवार मी चर्चची पायरी चढले नाही.

४. घासलेले नाणे 'घासलेले' म्हणूनच मांडायचे, ही या मंडळींची रीत. कपाट आता मंडळाच्या खोलीत ठेवू, त्यावरच्या कार्डावर सिरिलचे नाव आणि खाली तेवढा एक शब्द लिहू, असे मर्व्हिन म्हणतात. "कोणी घासली ते कशाला? घरातली गोष्ट आहे." मला वाचवायला बघतात, भला माणूस आहे. पण मग बघणारा प्रत्येक जण सिरिललाच अडाणी ठरवेल. म्हणून कार्डावर असे छापावे: 'सिरिल पास्को यांनी आयुष्यात एकही नाणे घासले नाही. ही त्यांच्या मृत्यूनंतर पत्नी विनिफ्रेड हिने घासली.' माझे नाव ठळक असावे. हे मान्य नसेल तर मंडळाला नाणी देऊ नयेत.

५. घासल्याची लाज वाटतेच, पण खरी लाज वेगळी आहे. लग्न झाल्यापासून सिरिल खिडकीशी नाणे धरून हाक मारायचा, "विनी, ये ना, रंग बघ कसा चढलाय." मी ओट्यापासून न हलता म्हणायचे, "हो रे, सुंदर." एकदा जरी उठून गेले असते, तरी त्या बाटलीला मी हात लावला नसता. ते रंग कसे दिसायचे हे मला आजही सांगता येणार नाही. एवढे मात्र कार्डावर छापू नये.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे.

सही: विनिफ्रेड पास्को

आमच्यासमक्ष सही केली:
डग्लस रॉडा, शेजारी
ग्वेन रॉडा, शेजारीण

बेंडिगो, ७ ऑगस्ट १९९१