ड्रॉवरची किल्ली माझ्याकडेच आहे

२८ एप्रिल, सकाळी सहा
मी दोन वर्षं घरात नसले, तर या घराचं काय होईल? प्रामाणिकपणे सांगायचं तर या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही.

काल पत्र आलं. डोंगराकडच्या जिल्ह्यात फिरतं वाचनालय सुरू होतंय. गाडीत पुस्तकं, अठरा गावं, मुक्काम तिथेच. माझी निवड झाली आहे. होकार किंवा नकार ३१ मे, संध्याकाळी पाचपर्यंत कळवायचा.

आनंद झाला. मग घराकडे पाहिलं. बाबा कुलूप-किल्लीवाले, नववीपर्यंत शिकलेले. आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत, चौथी पास. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण; तिला सही येते, पण दर वेळी वेगळी येते. धाकटी बहीण अकरावीत. अखंड बोलते म्हणून तिला सगळे टिटवी म्हणतात. ग्रॅज्युएट मी एकटी. फॉर्म, नोटिसा, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर, सगळं माझ्याच खांद्यावर.

पत्र टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. कुलूप लावलं. किल्ली गळ्यात. योग्य वेळ येईपर्यंत कोणालाही कळता कामा नये.

२९ एप्रिल
योग्य वेळ ठरली. पंचवीस वर्षं एकाच कंपनीची कुलपं विकल्याबद्दल कंपनीने बाबांना परदेशाची सहल दिली आहे. पाच माणसं, दहा दिवस, राहायला फ्लॅट. तिथेच सांगणार. चौथ्या दिवशी, १२ मे, दुपारी चार वाजता, तळ्याकाठच्या बाकावर. नकाशात बाक स्पष्ट दिसतंय. प्रवासाने माणसाचं मन विशाल होतं. घरच्यांची मनं चार दिवसांत जेवढी होतील तेवढी पुरेत.

त्यांचे संभाव्य आक्षेप लिहून काढले. अकरा निघाले. सर्वांना उत्तरं तयार.

२ मे
सहलीची फाइल पूर्ण. चौदा पानं. रोज दोन म्युझियम, एक ऐतिहासिक इमारत, रात्री अर्धा तास चर्चा. प्रत्येकासाठी तिथल्या भाषेत एक चिठ्ठी छापून लॅमिनेट केली: मी हरवले आहे, कृपया मला या पत्त्यावर पोहोचवा. आत्या म्हणाली, हरवायला मी काय छत्री आहे का? तरी चिठ्ठी पदराला बांधली. माणूस वरून कितीही बोलला तरी शिस्त आतून हवीच असते.

४ मे
प्रवासाला जाण्याआधी घरातल्या एकूण एक कुलपाला तेल घालायचं, ही बाबांची जुनी पद्धत. मी दुपारी पासपोर्टच्या झेरॉक्स काढायला गेले होते, तेवढ्यात त्यांनी सगळं उरकलं. माझ्या ड्रॉवरलाही घातलं म्हणाले. बाबा कामात फार काटेकोर. काळजीचं कारण नाही, किल्ली माझ्याकडेच आहे.

५ मे
झेरॉक्सवाले काका आज रस्ता ओलांडून मुद्दाम आले आणि ताई, अभिनंदन म्हणाले. परदेश प्रवासाचं एवढं कौतुक! मी म्हटलं, अजून कशात काही नाही. ते म्हणाले, घाबरू नकोस, तिकडची हवा चांगली असते. आपल्या लोकांना जगाची ओढ आहे, फक्त कुणीतरी हात धरून न्यायला हवं.

९ मे
पोहोचलो. तिसरा मजला, दोन खोल्या, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची खिडकी. दाराला बाहेरून किल्लीचं भोकच नाही. लावलं की आपोआप बंद होतं, बाहेरून उघडायला कार्ड लागतं. आतून मात्र साधी मूठ. बाबा चाळीस मिनिटं दारासमोर उभे होते. म्हणाले, याला पोटच नाही गं, याचं दुखतं कुठे ते कळायचं कसं?

कार्ड एकच मिळालं. अर्थात माझ्याकडे. त्यासाठी कुर्त्याला आतून चोरखिसा शिवून घेतला आहे. कोणाच्या बापालाही सापडायचा नाही.

१० मे
कार्ड गेलं. आईने कुर्ता मशीनमध्ये टाकला. आई खिसे तपासल्याशिवाय कापड पाण्यात घालत नाही. पंचवीस वर्षांत डॉक्टरांची तीन घड्याळं आणि एक कवळी तिने वाचवली आहे. पण चोरखिशाचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. तो मुद्दा वेगळा. मशीन फारच जोरात फिरतं.

फ्लॅटच्या ऑफिसला फोन केला. नवं कार्ड चार-पाच दिवसांनी. म्हणजे कोणीतरी सतत आत बसून दार उघडायला हवं. बाबा म्हणाले, कडीच्या जिभेवर चिकटपट्टी लावतो, नुसतं ढकललं की उघडेल. मी दाराच्या आतल्या बाजूची सूचना वाचून दाखवली. नियम सातवा: दाराच्या यंत्रणेला हात लावू नये. नियम सोयीप्रमाणे मोडायचे, तर शिक्षणाचा उपयोग काय? आज मी बसते, असं सांगितलं. एका दिवसाचा प्रश्न आहे. म्युझियम कुठे पळून जात नाही.

त्यांना फाइल देऊन पाठवलं. फाइल विसरून गेले.

११ मे
आजही मीच. टिटवी बसते म्हणत होती, पण तिच्या भरवशावर दार सोडणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. ऑफिसला सविस्तर ईमेल लिहायला घेतला आहे. फोनवरचं बोलणं हवेत विरतं, लेखी पाहिजे. पहिला मसुदा जरा भावनिक झाला.

संध्याकाळी मंडळी आली. म्युझियम एकही पाहिलं नाही. कोपऱ्यावर किल्ल्या करणाऱ्याचं दुकान आहे. बाबा तिथे तीन तास बसले. भाषा काय बोललात विचारलं तर म्हणाले, किल्लीची. आत्या बसने शेवटच्या स्टॉपपर्यंत गेली. परत कशी आली? ड्रायव्हरला माझी चिठ्ठी दाखवली. चिठ्ठी उपयोगी पडली, याची नोंद असावी.

१२ मे, दुपारी चार
ठरलेली वेळ. तळ्याकाठी सगळे आहेत. मी सोडून.

फ्रिजसमोर उभी राहून बोलून पाहिलं. चांगलं झालं. सहाव्या आक्षेपाचं उत्तर दोनदा दिलं. फ्रिज मध्येच घरघरला, तिथे जरा लक्ष विचलित झालं.

समोरच्या खिडकीतला माणूस बरोबर सव्वाचारला इस्त्री करायला लागतो. आधी कॉलर, मग बाह्या. हेही परदेश दर्शनच आहे. बारकाईने पाहणाऱ्याला एक खिडकी पुरते.

१४ मे
ईमेलचा पाचवा मसुदा. भाषा आता संयत झाली आहे, पण तक्रार नेमकी काय आहे ते हरवलं.

आत्या रोज ठरवून हरवते. आज पोलिसांच्या गाडीतून आली, काल फळांच्या ट्रकमधून. ट्रकवाल्याने पिशवीभर फळं दिली. म्हणते, आपण नुसती चिठ्ठी दाखवायची, बाकीचं जग बघून घेतं. मी तिला चिठ्ठीचा हेतू समजावून सांगितला. ती म्हणाली, ग्रॅज्युएट, तुला कधी हरवून बघायचं नाही का? मी म्हटलं, दार कोण उघडेल? यावर ती आईकडे बघून हसली. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

१५ मे
ऑफिसचा फोन: कार्ड तयार आहे, येऊन न्या. पण न्यायला मी गेले तर दार कोण सांभाळणार, आणि दुसरं कोणी गेलं तर सही कोण करणार? आत्याच्या सहीचा अनुभव आहे. त्यापेक्षा तीन दिवस असेच निभावून नेऊ.

बाबा आज लवकर परत आले आणि माझ्याजवळ खिडकीत बसले. मग म्हणाले, कुलूप बाहेरून लागलेलं असलं की मी दोन मिनिटांत काढतो. आतून लागलेलं असलं तर आतल्या माणसालाच हात हलवावा लागतो. मी त्यांना सांगितलं की या दाराची यंत्रणा तशी नाही. ते हो म्हणाले. मग विचारलं, काही सांगायचंय का? वातावरण अजिबात योग्य नव्हतं, बाथरूममध्ये टिटवी गात होती. म्हटलं, उद्या वेळेवर या.

१८ मे
शेवटचा दिवस. आईने मला दंडाला धरून दाराबाहेर उभं केलं आणि आतून दार लावून घेतलं. म्हणाली, जरा ऊन लागू दे अंगाला, मी कपड्यांच्या घड्या करत बसते.

बाहेर पडले. हवा फार मोकळी. दुसऱ्या वळणावर हरवले. रस्त्यांची आखणी सदोष आहे. चिठ्ठी अर्थातच माझ्याकडे नव्हती, स्वतःसाठी मी छापलीच नव्हती. तासभर एकाच चौकात येत राहिले. शेवटी एका दुकानातून एक म्हातारा धावत आला. कानामागे कानस, एप्रनवर पितळेचा चुरा. बाबांचा किल्लीवाला! बाबांनी माझा पदवीच्या दिवशीचा फोटो त्याला दाखवला होता म्हणे. तो बोटाने डोक्यावर चौकोनी टोपी काढून दाखवत होता. मग त्याने दोन तळवे पुस्तकासारखे उघडले, स्टिअरिंग फिरवलं, दूर डोंगरासारखं काहीतरी दाखवलं, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी किती लांबून आले आहे, असं म्हणायचं असावं. भला माणूस. त्याने मला दारापर्यंत सोडलं.

मला सोडायला कोणीतरी आलं, हे पाहून आत्याने टाळ्या वाजवल्या.

२१ मे
घरी. आल्या आल्या कामांचा डोंगर. बरं झालं मी आहे. आता सांगायचंच. उद्या.

२४ मे
उद्या सांगता आलं नाही. आत्याच्या डोळ्यांत थेंब घालायचे होते. वेळापत्रक मी करून दिलं आहे. तिचे थेंब टिटवी घालते, पण वेळापत्रक माझं.

२७ मे
टिटवीचा कॉलेजचा फॉर्म भरायला बसले, तर तिने तो शनिवारीच भरून टाकलेला. तपासला. चूक शोधत होते. सापडली नाही. आईने लाँड्रीतल्या रजेचा अर्ज स्वतः लिहिला. मोठी मोठी अक्षरं, चार ओळी, रजा मंजूर. हे सगळं अपवादात्मक आहे. यावर घर चालत नाही.

३० मे
रविवार. सगळे घरात. माझ्याभोवती उगीच घुटमळत होते. आईने दोनदा विचारलं, काय म्हणतेस? मी म्हटलं, काही नाही. बाबांनी दुकानातून टेप आणून माझं टेबल मोजलं. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, सहज.

कदाचित नकारच योग्य. त्यागातही एक समाधान असतं. नकाराचा मसुदा केला. सुंदर झाला.

३१ मे, संध्याकाळी सहा
दुपारी तीनला चौघांना बसवलं. फ्रिज वगळता हे भाषण कोणी ऐकलेलं नव्हतं. प्रस्तावनेचं दुसरं वाक्य चालू असताना आत्या म्हणाली, अगं, ती अठरा गावंच ना?

मग सगळं बाहेर आलं. ४ मेला बाबांनी पत्र पाहिलं, ते नीट वाचून घ्यायला संध्याकाळी झेरॉक्सवाल्या काकांकडे नेलं. काकांनी दुकानातल्या गिऱ्हाइकांसकट वाचलं आणि चार प्रती काढल्या, माणशी एक. आत्याने स्वतःची प्रत लॅमिनेट केली आहे, हरवायला नको म्हणून. तीच उशीखालून काढून दाखवली. सहलभर चौघं वाट पाहत होते, मी कधी बोलते याची. बाबांची सक्त ताकीद होती की पोरीचं पत्र आहे, पोरीनेच सांगायचं.

मी म्हटलं, आक्षेप? कोणाचाच नव्हता. मी अकरा उत्तरं घेऊन बसले होते, निदान एक तरी विचारा म्हटलं. बराच विचार करून आई म्हणाली, तिकडे कपडे वाळतात का नीट?

बाबांनी कोपऱ्यातली पत्र्याची ट्रंक ओढून पुढे आणली. तिला नवं कुलूप होतं, त्यांनी स्वतः बसवलेलं, दोन किल्ल्यांचं. एक तुझी, एक माझ्याकडे राहू दे, म्हणाले. बोलताना ते कुलपाकडेच बघत होते आणि कोरड्या फडक्याने ते पुसतच राहिले. तेवढ्यात आतल्या खोलीतून खर्रकन आवाज आला. टिटवी माझं टेबल खिडकीपाशी सरकवत होती. तिला तिथे उजेड जास्त मिळतो.

म्हणजे माझ्या पहिल्या पानावरच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मी नसले तर या घराचं काय होईल? टेबल खिडकीपाशी जाईल.

गळ्यातली किल्ली काढून टिटवीला दिली. म्हटलं, जपून वापर, तुझ्या गोष्टी सुरक्षित राहतील. ती म्हणाली, ताई, ते लागत नाही. मी बाबांकडे पाहिलं. बाबा खाली बघून म्हणाले, जीभ तुटली आहे त्याची, दोन वर्षं झाली. तू किल्ली फिरवतेस, टक्क आवाज होतो, तेवढंच. करतो करतो म्हणून राहूनच गेलं. कुलूपवाल्याच्या घरात! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

मग आत जाऊन बसले. मसुदा केला नाही. चार वाजून दहा मिनिटांनी होकार पाठवला. एकच ओळ होती.