वळणावरच्या डहाळ्या

जोयडा,
माघ वद्य पंचमी, शके १८४९

गं. भा. विमलवन्सं यांस भावजयीचा वाकून नमस्कार.

देवाच्या कृपेनं घरी सगळं ठीक. भात मळून झालं. गिरजा चौथी संपवून घरी बसली आहे. तिच्याविषयीच विचारायचं आहे, पण आधी दुसरंच सांगते.

गेल्या आठवड्यात कोर्टाच्या कामाला हे बेळगावी आले, मीही आले होते. मला मारुतीच्या देवळात बसवून गेले. प्रदक्षिणा झाल्या, जप झाला. मग वाटलं, माहेरपणाला आलात की तुम्ही जिचं वर्णन करायचात ती तुमची जुनी गल्ली एकटीनंच बघून यावी. पायांना काही भाडं पडत नाही. वाट चुकू नये म्हणून आपल्या रानातल्या रिवाजानं प्रत्येक वळणावर कडुलिंबाची डहाळी दगडाखाली ठेवत गेले.

काय काय बघितलं! दारांवर कोरलेले गणपती, घोडे बांधायच्या कड्या, दोरानं विहिरीच्या काठाला पडलेल्या खाचा. एका घराचे सागवानी खांब हाताला अगदी आपल्याकडचे वाटले. एवढ्या लांब कुणी ओढून आणले असतील? एका शिळेवर जुनी कानडी अक्षरं होती, ती काही मला लागली नाहीत.

तेवढ्यात मागं कालवा झाला. माझ्या डहाळीभोवती बायका जमलेल्या!

"पाय लावू नकोस गं, उतारा हाय!"

"लिंबू न्हाई, कुंकू न्हाई, कसला उतारा?"

"नव्या तऱ्हेचा असंल!"

मी म्हटलं, "मावशी, वाटेची खूण हाय ती. मीच ठेवली."

त्यातली कासारीण हसली. "रानातनं आलीस व्हय? मग आमच्या गल्लीत वाघ दिसला का न्हाई?"

"अजून न्हाई," म्हटलं.

पुढच्या वळणावर मुलींची शाळा. खिडकीतून तुम्ही दिसलात, फळ्यापाशी. एक मुलगी तुम्हाला उलटा प्रश्न विचारत होती आणि तुम्ही रागावला नाहीत. मी हाक मारली नाही. विधवेनं नोकरी धरली म्हणून ह्यांनी तुमचं नाव घरात बंद केलेलं. तशीच परतले.

वन्सं, इथं चौथीच्या पुढं शाळा नाही. शेजारच्या गावाहून स्थळ आलं आहे. आणि पोर मला विचारते, "आई, त्या शिळेवर लिवलं काय होतं?"

काल ह्यांना सगळं सांगितलं, खिडकीचंसुद्धा. बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "बारीक झालीय का ती?"

"व्हय," म्हटलं.

"पोरीला ठेवून घेईल का, विचार."

तर विचारते आहे. पाडव्याच्या आत स्थळाला कळवायचं आहे. तुमचं उत्तर होय असेल तर पाकिटावर माझं नाव नको. तुमच्या भावाचं घाला.

केशर