जोडीतलं दुसरं पिस्तूल

पालघर,
१९ ऑक्टोबर १९६६

चि. दामूस अनेक आशीर्वाद.

आम्ही खुशाल. भात यंदा बरं आहे. तुझ्या पोरीचा, सुलूचा खोकला गेला का?

टपाल दसऱ्यानंतर पोचलं तर काय चाटायचंय? म्हणून आपल्या गड्याला, नवशाला एसटीत बसवून तुझ्या गावी पामला धाडलाय. त्याच्यासमोर वाच. दादाचं पत्र म्हणून न वाचता फाडलंस तर बघ!

आपण भावांनी मिळून जुनी पिस्तुलं जमवली. वाटणीत ती गेली, त्याचं काही नाही. पण ती साहेबांची द्वंद्वाची जोडी! एकाच पेटीत, मखमलीच्या दोन खाचांत ठेवलेली. पंचांनी 'भावाभावांत समान' म्हणून एक तुला, एक मला दिलं. जोडी मोडली की तिला कुत्रं विचारत नाही, हे ठाऊक असून आपण दोघे गाढव गप्प बसलो.

गेल्या आठवड्यात वहिनीने तुला चकमकीची गार पाठवली ना? तिने नाही, मी पाठवली. जुन्या गारा झिजून ठिणगी पडेना, म्हणून मुंबईहून दोन आणल्या. माझ्या पिस्तुलाला नवी आणि तुझ्याला जुनी, हे बघवेना. माझं नाव कळलं असतं तर तू परत धाडली असतीस.

माझी मी परवा बसवली. दसऱ्यापर्यंत दम कुठला? चाप ओढला. दामू, ते भरलेलं होतं रे! कुठल्या मेल्या साहेबाने बार भरून ठेवला होता, देव जाणे. इतकी वर्षं ठिणगी नव्हती म्हणून वाचलो. नळीच फुटली. उजव्या हाताची दोन बोटं गेली. अक्षर तुझ्या वहिनीचं, वत्सलाचं आहे.

(भावजी, दोन नाही, तीन. मला खरं लिहू देत नाहीत. — वत्सला)

शस्त्रपूजा झाली की तू सगळ्यांसमोर रिकामा चाप वाजवणार, आपली रीतच आहे. पोरं पुढ्यात, सुलू सगळ्यांच्या पुढे. तुझंही भरलेलंच असणार. मला झोप नाही.

नवशा म्हणतो, "खाडीत टाका म्हनावं दादा, त्यात काय हाय?" ऐक त्याचं. चापाला न शिवता, नळी माणसांपासून लांब धरून ने आणि फेक. मी माझ्या पिस्तुलाला कधी दमट हवा लागू दिली नाही, तोच मी सांगतोय. मला पिस्तूल नको, तू हवास.

वाटणीपासून तू सोनं द्यायला आला नाहीस. यंदा ये. डाव्या हाताने घेतलं तर राग धरू नकोस.

वाट बघणारा,
तुझा दादा