झिपरीच्या आजाराचे कारण

कोथरूड, पुणे
१२ जुलै २००१

ती. दाजी यांस,
वैजनाथचा सविनय जयभीम.

आपले गुडघे आता बरे असतील. नसल्यास ताईने सांगितलेले तेल लावावे, निदान तिच्यासमोर तरी. इकडे सर्व मजेत. सर्व म्हणजे मी. आमचे मांजर झिपरी मात्र बिघडले आहे. फोनच केला असता, पण फोन बैठकीत आहे आणि बैठकीत घरची माणसे असतात.

बँकेत संगणक आले आणि आवक-जावक विभागातल्या मला शाल, हार व स्वेच्छानिवृत्ती मिळाली (इच्छा कोणाची, हा रकाना अर्जात नव्हता). त्याला चार महिने झाले, आणि नेमके तेव्हापासूनच झिपरीचे डोके फिरले. सहा वर्षांचे शहाणे मांजर, पण आता कपाटावर चढून बसते, दुधाला तोंड लावत नाही, मला पाहून फिस्कारते आणि नको तो विधी फक्त माझ्या चपलेत उरकते. अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने मी तिची नोंदवही घातली: बाहेर गेली किती वाजता, परतली किती वाजता, कारण काय. शिस्त लागावी म्हणून बाल्कनीचे दार ठरलेल्या वेळीच उघडू लागलो. तिथल्या वेताच्या खुर्चीत ती अकराच्या उन्हाला लोळायची. आता तिथे मी पेपर वाचतो, म्हणजे देखरेखही होते. तरी सुधारणा शून्य. (सुशीलेचे स्वयंपाकघरातले डबेही मी चिठ्ठ्या लावून नीट मांडले. तीही हल्ली कमी बोलते. बहुधा हवामान.)

आमच्या आम्रपालीने हिंजवडीच्या ऑफिसातून, इंटरनेटवर शोधून, निदान आणले की मांजराला टेन्शन आहे. मांजराला! अठ्ठावीस वर्षे टपाल सांभाळले, मला कोणी विचारले नाही. शेवटी पिशवीत घालून तिला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी विचारले, घरात अलीकडे काही नवीन आणलेय का? मी ठामपणे नाही म्हणालो. मागून सुशीला शांतपणे म्हणाली, "हे आलेत ना."

डॉक्टर हसलेसुद्धा नाहीत. दिवसभराचे तिचे घर तिला परत द्या, एवढेच औषध सांगितले. मग तीन दिवस मी दहा ते पाच बागेतल्या बाकावर काढले. झिपरी वाटीभर दूध प्यायली, चपला कोरड्या राहिल्या. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, दाजी. ऑफिसलाही नको आणि घरालाही नको, असा माणूस बाकावर बसला की पाच वाजता वाजत नाहीत.

ताईस जयभीम, मुलांस आशीर्वाद.

आपला,
वैजनाथ

ता. क. हडपसरला आपल्या नर्सरीत एवढी रोपे येतात-जातात, त्यांची नोंद कोण ठेवते? मला एक टेबल पुरेल. पगार नको, वेळ तेवढी दहा ते पाच असावी. हे केवळ झिपरीच्या प्रकृतीसाठी. माझा काही आग्रह नाही.

ता. क. २. भाऊजी, सुशीलाचा जयभीम. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिले, म्हणून वाचले. यांना टेबल जरूर द्या. फक्त दुपारच्या जेवणाला घरी सोडत जा. हडपसरहून दोन बस बदलाव्या लागतात, ठाऊक आहे मला. पण हे तीन दिवस मला एकटीला जेवण गेले नाही.