आण्णाप्पांच्या निकालावर अपील

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७
राघवेंद्रचा मेसेज. तीस तारखेला बेळगावात येतोय. कॅम्पातल्या मैदानावर गोल्फ खेळू, म्हणतो. दहा वर्षं तुझ्या खेळाबद्दल ऐकतोय, आता बघतोच.
चूक माझी. शाळेत आम्ही एका बाकावर. तो कर्नल झाला, मी दिवाणी वकील. दहा वर्षांपूर्वी त्यानं गोल्फ खेळतो असं कळवलं, तेव्हा मीही ठोकून दिलं, 'मी पण.' आयुष्यात काठी हातात धरली ती एकदाच, परसात साप निघाला तेव्हा.
सत्तावीस दिवस आहेत. पुष्कळ झाले. अख्ख्या उलटतपासणीची तयारी मी खानापूरच्या बसमध्ये केलेली आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार
पहिला धडा. शिकवणारे आण्णाप्पा. तीस वर्षं मैदानावर आहेत. आधी लोकांचे बॉल गोळा करायचे, आता लोकांना शिकवतात. मी विचारलं, धडे किती दिवसांनी घ्यावेत? त्यांनी आधी एक स्विंग मारायला लावला. बॉल जागचा हलला नाही. वारा होता.
आण्णाप्पा म्हणाले, "आठवड्यातनं एक धडा, आनि मधले चार दिस त्येवढंच घोटायचं. म्हयनाभर नुसता अर्धा स्विंग. आनि मान वर करू नकासा."
अर्धा स्विंग! पस्तीस वर्षं वकिली केलेल्या माणसाला! मला दोन धडे बास. या निकालावर अपील.
ता. क. एक बगळा माझ्यापासून दोन हातांवर शांत उभा होता. बाकीच्या खेळाडूंजवळ एकही नाही. पाखरांना माणसाचा स्वभाव कळतो.

७ नोव्हेंबर
अपील यूट्यूबवर दाखल. एकजण म्हणतो रोज शिका. दुसरा म्हणतो महिन्यातून एकदाच, नाहीतर डोक्यात गोंधळ होतो. दुसऱ्याचं म्हणणं कायद्याला धरून वाटलं.

११ नोव्हेंबर
आण्णाप्पांना फोन करून उद्याच्या धड्याला पुढची तारीख मागितली. कारण दिलं, कोर्टात महत्त्वाचं काम. तेवढ्यात वसुधा मागून म्हणाली, "अहो, कोर्ट सोडून दोन वर्षं झाली की." बायकोनं एवढं मोठ्यानं बोलायची गरज नव्हती. फोन चालू होता.

१६ नोव्हेंबर, रविवार
गच्चीवर सराव. वसुधाला मोबाईलवर व्हिडिओ काढायला लावला. पंधरा स्विंग. पंधरावा तर अप्रतिम. कसा वाटला विचारलं, तर म्हणाली, कुंडी फुटली. मी स्विंगबद्दल विचारत होतो.
व्हिडिओ स्वतः बघितला नाही. आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी कोणी घेत नाही. पुण्याला मुलाला पाठवला. आशुतोषचं उत्तर: बाबा, कंबर सांभाळा. म्हणजे कंबर चांगली वळतेय.

१९ नोव्हेंबर
दुसरा धडा. आण्णाप्पांनी व्हिडिओ बघितला. मग म्हणाले, "मान कितींदा वर केलासा मोजलं. पंधरा." बॉल कुठं गेला ते बघायला मान वर नको का, असं मी विचारलं. म्हणाले, "बॉल जाईतोवर तरी थांबा की, वकीलसाहेब."
तीस तारखेचं सांगितलं, तर आता तोपर्यंत रोज या म्हणतात, निदान बॉलला काठी लागंल. घाईघाईचा सल्ला. रोज कुणीतरी चुका काढत बसलं तर आपली शैली मरते. विचार करून कळवतो म्हटलं.
बगळा आजही होता.

२४ नोव्हेंबर. पहाटे ५.३०
झोप नाही. जेवण जात नाही. राघवेंद्रला खरं सांगणारा मेसेज तीनदा लिहिला, तीनदा पुसला. त्याचे वडील मोठे साहेब, माझे कडोलीहून सायकलनं येणारे मास्तर. तरी त्यानं मला कधी कमी मानलं नाही. मीच स्वतःला मानलं. एक सकाळ त्याच्या बरोबरीनं उभं राहायचंय, एवढंच.

२८ नोव्हेंबर
टोपी आणली. पांढरा हातमोजा आणला. तयारी पूर्ण.

२९ नोव्हेंबर
आण्णाप्पांकडे जाऊन यावं का? नको. परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचू नये.

३० नोव्हेंबर, रविवार. दुपारी
राघवेंद्र आधी खेळला. त्यानं काठी उगारताच बगळा उडाला तो थेट कुंपणापाशी. बॉल दिसेनासा झाला.
मग मी. टोपी सारखी करून उभा राहिलो. बगळा परत आला. दोन हातांवर, नेहमीच्या जागी.
पहिला स्विंग हवेत. दुसरा हवेत. तिसऱ्याला माती उडाली, तिच्यातला किडा बगळ्यानं निवांत टिपला. राघवेंद्र माझ्याकडे नाही, बगळ्याकडे बघत होता. मीही बघितलं. अख्ख्या मैदानात सगळ्यात सुरक्षित जागा कुठली, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं.
म्हणालो, दहा वर्षं नाही रे. दोन धडे.
तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. वाकून बॉल नीट ठेवला आणि म्हणाला, आठवड्याला एक धडा घे, महिनाभर अर्धाच स्विंग मार, जानेवारीत मी परत येतोय.

१ डिसेंबर, सोमवार
अपील मागे घेतलं. आण्णाप्पांना फोन केला. बुधवारी सकाळी सात. त्यांनी विचारलं, "कोर्ट न्हाय न्हवं?" नाही म्हटलं.
म्हणाले, "मग या. बगळाबी वाट बघायलाय."